चासीला दिवा नसतो: गुहागरच्या एका इनोव्हाचं प्रकरण

२०२४ चा मे महिना, आंब्याची शेवटची तोडणी चालू होती. अण्णाच्या इनोव्हाखाली मी पाठीवर पडलो होतो. हातात साधा स्क्रू-ड्रायव्हर. डाव्या मागच्या चाकाजवळ चासीच्या तळाला तो टेकवून जरा जोर दिला, तर भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा आत गेला. बाहेर काढला तेव्हा भोकातून लाल-काळा चुरा माझ्या छातीवर सांडला. खळ्याच्या कडेला उभा असलेला अण्णा तेव्हा सांगत होता, "इंजिनाला अजून काही झालेलं नाही हो. पंधरा वर्षांत एकदा वाटेत उभी राहिली नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. इंजिन उत्तम होतं आणि ज्या सांगाड्यावर ते बसवलंय तो पोखरला होता.

अण्णा माझा थोरला चुलतभाऊ. गुहागरला समुद्राच्या अंगाला आमचं आगर आहे. नारळ-सुपारी, मधे जायफळ, पलीकडे सुरूचं बन आणि मग पुळण. आगरातल्या चार खोल्या तो पर्यटकांना देतो, वर सड्यावर हापूसची साठेक कलमं आहेत. मी गेली बावीस वर्षं चिंचवडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात आहे, त्यामुळे घरातल्या कुठल्याही गाडीचं काही निघालं की फोन मला येतो. या वेळचा प्रश्न सरळ होता. गाडी ऑगस्ट २००९ ची, रत्नागिरीच्या एमएच-०८ ची, खासगी नोंदणीची. पंधरा वर्षं भरत आली होती. पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायची तर आरटीओत तपासणी करून घ्यावी लागते. वाढवायची की गाडी काढून टाकायची? मीटरवर ३ लाख ८७ हजार किलोमीटर होते.

हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या अशा गाड्या शेकड्यांनी आहेत. त्यांच्या मालकांचा टोयोटावर जो विश्वास आहे, तो बहुतेक सगळा बॉनेटखालच्या भागावरचा आहे.

हा विश्वास आला कुठून

आमच्या घरात तो आजीमुळे आला. २००२ मध्ये तिला ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं होतं. तोवर मुंबईचा प्रवास म्हणजे एसटीची रातराणी, नाहीतर ट्रॅक्स किंवा सुमोत दाटीवाटीने बसायचं. कशेडी घाट सुरू झाला की आजीला गाडी लागायची. त्या वेळी चिपळूणहून भाड्याने टोयोटाची क्वालिस आणली होती. आजी पनवेलपर्यंत झोपून गेली. परत आल्यावर तिने अण्णाला एवढंच सांगितलं, "घेशील तेव्हा हीच घे." तिला कंपनीचं नाव माहीत नव्हतं.

क्वालिस भारतात जानेवारी २००० मध्ये आली. दिसायला चौकोनी, तेव्हाही जुन्या वळणाची. टोयोटासारख्या कंपनीने भारतात पहिली गाडी अशी का आणावी, असं पुष्कळांनी विचारलं. तिचं मूळ इंडोनेशियात आहे. तिथे १९७७ पासून टोयोटा 'कीजांग' नावाची साधी, सपाट पत्र्याची, थोड्या खर्चात बनणारी गाडी विकत होती. कीजांग म्हणजे भेकर. आपल्या सड्यावर रात्री कुत्र्यासारखं भुंकतं तेच जनावर. भाऊ-भावजया, पोरंबाळं, तांदळाची पोती आणि कोंबड्या एकाच गाडीतून नेणारं कुटुंब तिथेही होतं आणि इथेही. या कीजांगच्या तिसऱ्या पिढीवरून क्वालिस झाली. २.४ लिटरचं संथ डिझेल इंजिन, शिडीसारखी चासी, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. बिघडण्यासारखं तिच्यात फारसं नव्हतंच.

त्या इंडोनेशियन भेकराच्या मागे गेलं की हातमाग लागतो. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, जन्म १८६७ चा. आसपासच्या बाया मागावर राबताना पाहून त्याने माग सुधारण्यात आयुष्य घातलं. १९२४ च्या त्याच्या स्वयंचलित मागात एक युक्ती होती, जिच्याबद्दल मी कारखान्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो. धागा तुटला की माग आपोआप थांबे. सदोष कापड पुढे विणलंच जात नसे. एका माणसाला मग अनेक माग सांभाळता येऊ लागले, कारण माग स्वतःच सांगे की आता इकडे बघ. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. साकिचीचा मुलगा कीइचिरो याने १९३३ मध्ये त्याच मागाच्या कारखान्यात मोटारींचा विभाग काढला, १९३७ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली. नाव 'टोयोडा'चं 'टोयोटा' झालं ते १९३६ मध्ये. जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहिलं जातं आणि आठ हा आकडा तिथे शुभ मानतात.

मराठी माणसाला यात जवळचं वाटावं असं आणखी एक आहे. टोयोटाने भारतात ज्या घराण्याचा हात धरला ते किर्लोस्करांचं. १८८८ मध्ये बेळगावला सायकलचं दुकान काढणारे आणि पुढे लोखंडी नांगर करणारे लक्ष्मणराव, १९१० ची किर्लोस्करवाडी, आणि त्यांच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर. आधी दोघांची भागीदारी झाली ती कापडगिरण्यांच्या यंत्रांत, म्हणजे पुन्हा मागाच्याच घरात. मोटारींसाठीची टोयोटा किर्लोस्कर मोटर १९९७ ची. बंगळूरजवळ बिडदीला कारखाना उभा राहिला आणि क्वालिस तिथून बाहेर पडली. विक्रम किर्लोस्कर २०२२ च्या नोव्हेंबरात गेले, तेव्हा आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पुष्कळ वेळ त्यांच्याविषयी बोलणं चाललं होतं.

२००५ मध्ये क्वालिस चांगली खपत असतानाच बंद केली आणि इनोव्हा आणली. २.५ लिटरचं कॉमन-रेल डिझेल, १०२ अश्वशक्ती. मागे पाट्यांच्या जागी गुंडाळी स्प्रिंग आली. शिडीची चासी मात्र तशीच राहिली. आमच्या प्रकरणात पुढे तीच येते.

मालक काय म्हणतात

मी कोकणात गेलो की गाडीवाल्यांशी बोलतो. सवयच आहे. चिपळूणला पर्यटकांच्या गाड्या चालवणारा एक जण म्हणाला, "साहेब, इनोव्हात मालक झोपतो. बाकीच्या गाड्यांत मालक जागा असतो." रात्री दोनला गाडी मुंबईहून निघाली तरी सकाळी दारात येणार याची खात्री, असं त्याला म्हणायचं होतं. शृंगारतळीच्या एका डॉक्टरांकडे २०१२ ची इटिऑस आहे. मीटर डॅशबोर्डच्या मधोमध आहेत याची त्यांना कधी सवय झाली नाही, आतलं प्लास्टिक साधं आहे हेही ते मान्य करतात, पण विकायला तयार नाहीत. मालवणातल्या एका ओळखीच्या मुलाने ग्लान्झा घेतली. ती मुळात सुझुकीची बलेनो आहे. २०१९ पासून दोन्ही कंपन्या एकमेकींच्या गाड्या आपल्या नावाने विकतात. त्याला लोक विचारतात, "ही टोयोटा की मारुती?" तो म्हणतो, "दोन्ही जपानीच ना." उत्तर पुरेसं आहे असं मला वाटत नाही, पण त्याची गाडी बरी चालते.

अण्णाचं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र वेगळंच आहे. मधल्या रांगेत छतातून येणारा एसीचा वारा आणि उंचीला बरोबर बसणारी सीट. गुडघे दुखणारी माणसं न वाकता बसतात आणि न कण्हता उतरतात. आमच्या वाडीतल्या किती म्हाताऱ्यांना या गाडीने डेरवणच्या रुग्णालयात नेलं, किती नव्या नवऱ्या घरी आणल्या, याचा हिशेब कोणाकडे नाही. तक्रारी विचारल्या तर दोन सांगतो. मागच्या चाकांना ताकद असल्याने पावसाळ्यात रिकामी गाडी ओल्या जांभ्याच्या चढावर मागून सरकते, आणि खड्ड्यांच्या दिवसांत सस्पेन्शनचे बुश खर्चात पाडतात. गंजाचं नाव त्याच्या तोंडून एकदाही आलं नाही.

खाली काय दिसलं

टोयोटाच्या कामाच्या पद्धतीत एक आग्रह आहे. अडचण जिथे घडते तिथे स्वतः जाऊन डोळ्यांनी बघायचं. आणि ताइइची ओनो यांनी रुजवलेली दुसरी सवय, 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा. अण्णाच्या गाडीला मी त्याच कंपनीची पद्धत लावली.

पहिल्या दिवशी गाडी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवून खालून नुसत्या गोड्या पाण्याने धुतली. दुसऱ्या दिवशी ऊन खाऊ दिलं. तिसऱ्या दिवशी छोटी हातोडी घेऊन चासी पुढून मागे वाजवत गेलो आणि वीतभर अंतरावर खडूने आकडे टाकले. निरोगी लोखंड ठणकन वाजतं. गंजलेलं भद्द बोलतं, फुटक्या मडक्यासारखं. पुढून मधल्या आडव्या पट्टीपर्यंत आवाज स्वच्छ होता. मागच्या चाकांपासून शेपटीपर्यंत उजवीकडे दोन ठिकाणी संशय आला. डावीकडे जवळजवळ दीड फूट तळ गेलेला होता, दोन ठिकाणी आरपार. सुटं चाक जिथे खाली टांगलेलं असतं तिथली आडवी पट्टी पापुद्र्यांनी फुगली होती. मागच्या ब्रेकची नळी क्लिपांच्या खाली खरवडल्यासारखी झाली होती. मला सगळ्यात जास्त धसका त्या नळीचा बसला. चासी मोडायला वेळ लागतो, पण ब्रेकची नळी एका जोराच्या पावलाला फुटू शकते. गाडी त्या दिवसापासून उभी केली. अण्णाला राग आला. येऊ दिला.

चासी का गेली? आत ओल राहिली म्हणून. शिडीच्या उभ्या कांबी आतून पोकळ, पेटीसारख्या असतात. आत गेलेलं पाणी निघून जावं म्हणून तळाला भोकं ठेवलेली असतात. मग ओल का राहिली? भोकं बुजली होती म्हणून. सळईने टोकरल्यावर आतून वाळलेला जांभ्याचा लाल चिखल निघाला, एका बाजूने जवळजवळ पाटीभर. आणि भोकांवरून बाहेरून काळा डांबरी थर होता. २०१६ मध्ये एका ठिकाणी अण्णाने गाडीला खालून 'कोटिंग' करून घेतलं होतं. गंज न काढता, भोकं न झाकता, वरून फवारलेलं. गाडी खालून काळी कुळकुळीत दिसत होती, त्यामुळे पुढची आठ वर्षं कोणाला शंका आली नाही. त्या थराखाली ओल कोंडून बसली होती. मी तो थर पटाशीने काढत होतो तेव्हा तळाचं लोखंडही त्याच्याबरोबर पदर सुटावा तसं येत होतं.

चिखल आणि कोटिंग तर दोन्ही बाजूंना होतं. मग डावीकडेच एवढं का?

इथे मी अडलो. पार्किंग बघितलं. गाडीची शेपटी समुद्राकडे असते, पण दोन्ही बाजू सारख्याच उघड्या. उत्तर वहिनीने दिलं. चहा घेऊन आली होती, आमचं बोलणं ऐकून म्हणाली, "मासळीची पेटी कुठे ठेवता ते नाही सांगितलंत त्यांना?"

पर्यटकांच्या जेवणासाठी आठवड्यातून दोनदा अण्णा धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जातो आणि बंदरावरून मासळी आणतो. हंगामात कधी हर्णैच्या लिलावापर्यंत जातो. तिसऱ्या रांगेची डावी सीट दुमडून तिथे बर्फाची पेटी ठेवायची, उजव्या सीटवर गडी बसायचा. पंधरा वर्षं हेच. मागची रबरी चटई उचलली तर खालचं जाड कापड अजून ओलं होतं आणि हाताला मीठ लागलं. पेटीतून झिरपलेलं पाणी फरशीच्या पत्र्यातल्या रबरी बुचाकडे जात होतं, आणि बुच निघालेलं होतं. बर्फाचं, माशांचं, मिठाचं पाणी थेंबाथेंबाने डाव्या कांबीवर पडत राहिलं. त्यात फेरीबोटीचा उतार. भरतीला तिथे चाकं खाऱ्या पाण्यातूनच जेट्टीवर चढतात आणि मागच्या चाकांचा सगळा शिंतोडा चासीवर बसतो.

मिठाचं एक वैशिष्ट्य आपण कोकणातले लोक रोज पाहतो आणि गाडीच्या बाबतीत विसरतो. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओल धरतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. म्हणजे धुतली नाही तर गाडी कोरड्या दिवशीही, शेडमध्ये उभी असतानाही गंजत राहते. 'आपली गाडी पावसात नसते' हे वाक्य मला निदान दहा मालकांनी ऐकवलं आहे. ते किनाऱ्यावर खरं नाही.

शेवटचा 'का' मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पंधरा वर्षांत हे कोणाला का दिसलं नाही? अण्णा निष्काळजी माणूस नाही. टायमिंग बेल्ट वेळच्या वेळी बदललाय, ऑइल कधी चुकवलेलं नाही, इंजेक्टरचं काम चांगल्या ठिकाणी करून घेतलंय. पण या सगळ्याची आठवण करून देणारं काहीतरी गाडीतच होतं. ऑइलचा दिवा, बॅटरीचा दिवा, इंजिनाचा दिवा. साकिचीच्या मागासारखं, धागा तुटला की गाडी बोलते. गंज बोलत नाही. चासीला दिवा नसतो. जी गाडी वाटेत कधी थांबली नाही, तिच्याखाली शिरायचं कारणच कोणाला पडलं नाही.

दुसऱ्या गाड्यांच्या मालकांनी यावरून टोयोटाचं लोखंड वाईट असं समजू नये आणि टोयोटावाल्यांनी आपलं लोखंड अमर आहे असं मानू नये. अमेरिकेत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे टकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया या गाड्यांच्या चासी गंजल्याबद्दल मालक एकत्र येऊन न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये कंपनीने ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. चासीची तपासणी करून द्यायची, गरज पडली तर चासीच बदलून द्यायची, असं ते होतं. अण्णाच्या गाडीची गोष्ट निराळी आहे. मासळीचं पाणी आमचं होतं आणि डांबरी थर आमच्या पैशांनी लागला होता.

काय करायचं

घाटावरचा एक व्यापारी पावणेचार लाख द्यायला तयार होता. त्याने खाली वाकून बघितलंही नाही, इंजिन ऐकलं आणि आकडा सांगितला. अण्णाला पैशांची गरज होती, मुलाचं शिक्षण चालू आहे. रात्री जेवताना विषय निघाला. अण्णा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "त्याच्या पोरांना घेऊन तो घाट उतरणार ना?" पुढे कोणी काही बोललं नाही. भोक माहीत असलेली गाडी न सांगता विकायची नाही, हे तिथेच ठरलं. सांगून विकायची तर किंमत भंगाराचीच.

पुतण्याचं मत नवी गाडी घ्यावी असं होतं. हायक्रॉस त्याला आवडते. २०२२ च्या शेवटी आलेली ही इनोव्हा फक्त नावाने इनोव्हा आहे. शिडीची चासी गेली, ताकद पुढच्या चाकांना आली, डिझेलच्या जागी पेट्रोल आणि हायब्रिड आलं. गाडी मी चालवून पाहिली, फार शांत आहे. जुनी चासी हवी तर डिझेल क्रिस्टा होती. पण दोन्हींचा हिशेब वीस लाखांच्या घरात जात होता, आणि चार खोल्यांच्या धंद्यावर एवढं कर्ज घेऊ नये असं मी स्पष्ट सांगितलं. शिवाय पेटी पुन्हा डावीकडेच ठेवली जाणार असेल तर नव्या गाडीचंही काही वेगळं होणार नव्हतं.

अख्खी चासी बदलण्याचा विचार लवकर सोडला. गाडीची ओळख सांगणारा चासी नंबर त्याच लोखंडावर कोरलेला असतो. परवानगी, कागद, आणि जुन्या गाडीची आणलेली चासी कुठल्या पाण्यात बुडालेली असेल कोण जाणे.

उरली दुरुस्ती. इथे माझी एक अट होती. हातोडीने पुढचा अर्धा भाग जरा जरी भद्द वाजला असता, किंवा मागच्या आक्सलचे दांडे जिथे चासीला बसतात ते कान गेले असते, तर मी गाडी भंगारात काढायला सांगितली असती. दोन्ही शाबूत होते. म्हणून हो म्हटलं.

काम चिपळूणच्या एका मेस्त्रीकडे दिलं. हा ट्रकच्या चासीचं काम करतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं त्याची खूण त्याच्या शेडच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर आहे. त्यानंतर कित्येक महिने तो फक्त बुडालेल्या गाड्या उघडत होता. त्याने चासी पाहिली आणि पहिली गोष्ट बोलला ती मला पटली: "ठिगळ लावणार नाही. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापणार."

तसंच केलं. कापल्यावर चासी झुकू नये म्हणून आधी सहा ठिकाणी टेकू दिले. डिझेलची टाकी उतरवली. बॅटरी सोडली, इंजिनाच्या कंट्रोल युनिटची जोडणी काढली, नाहीतर वेल्डिंगच्या करंटने ते जळण्याची भीती असते. डावीकडचा तळ आणि आतली बाजू शाबूत लोखंड लागेपर्यंत काढली. चांगल्या जागी व्हर्नियर लावून जाडी घेतली आणि तेवढ्याच जाडीच्या पत्र्याची वाकवून पन्हळ केली. सांधा सरळ उभा न ठेवता तिरपा ठेवला, म्हणजे हिसका एकाच रेषेवर येत नाही. सीओटू वेल्डिंग एका दमात न करता तुकड्यातुकड्याने, मधे गार होऊ देत. सुट्या चाकाची पट्टी नवी घातली. ब्रेकच्या मागच्या नळ्या दोन्ही बाजूंच्या नव्या टाकल्या. पाणी जायची भोकं पुन्हा उघडली आणि नव्या तुकड्यातही तशीच पाडली. उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण, मग जस्ताचा प्रायमर, मग रंग. सगळं गार झाल्यावर, वेल्डिंगचं शेवटचं टोक आटोपल्यावर, कांबीच्या पोटात लांब नळीने मेणाचा फवारा. हे मेण वाळून कडक होत नाही, सांध्यांत सरकत राहतं, म्हणून डांबरापेक्षा मला त्याचा भरवसा जास्त वाटतो.

नऊ दिवस लागले. खर्च ७१ हजार. जूनचा पहिला आठवडा होता, आभाळ रोज भरून यायचं आणि मेस्त्री रंग वाळेपर्यंत हॅलोजनचे दिवे लावून बसायचा. आम्ही गाडी घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस लागला.

पुढे काय झालं

ऑगस्टमध्ये तपासणीला गाडी नेली तेव्हा वेल्डिंग झालंय हे आम्ही आपणहून दाखवलं, कामाचे फोटो बरोबर ठेवले होते. नोंदणीचे ५ हजार आणि हरित कर भरला. ऑगस्ट २०२९ पर्यंत मुदत मिळाली. गणपतीला मी पुण्याहून आलो, तर चिपळूण स्टेशनवर अण्णा त्याच गाडीने न्यायला आला होता आणि मागे मखराचं सामान होतं. मासळीची पेटी आता गाडीतून जात नाही. दाभोळहून एक रिक्षा टेम्पो गुहागरला येतोच, त्याच्याबरोबर येते. दर फेरीला थोडे पैसे जातात म्हणून पहिल्या महिन्यात कुरकुर झाली. गाडीवर कॅरिअर लावून सामान न्यायचं बंद केलंय आणि फेरीबोटीने गेलं की त्याच संध्याकाळी विहिरीच्या पंपाची नळी गाडीखाली धरायची, हे पुतण्याकडे दिलंय.

नोव्हेंबरात पाऊस संपल्यावर मोबाईलला जोडायचा छोटा कॅमेरा कांबीत घालून आतून बघितलं. मेणाचा थर बहुतेक ठिकाणी होता. डाव्या सांध्याच्या मागच्या टोकाला, नळी नीट पोचली नव्हती तिथे, दोन बोटं रुंदीचा ताजा तांबूस गंज धरला होता. खरवडून, द्रावण लावून पुन्हा मेण मारलं. दुरुस्त केलेला भाग नव्यासारखा कधी होणार नाही, हे अण्णाला मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तेव्हा पुन्हा सांगितलं.

या मे महिन्यात मला जायला जमलं नाही. अण्णाने फोनवर व्हिडिओ लावून दिला आणि खळ्यात चटई टाकून स्वतः गाडीखाली शिरला, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. हातोडी पुढून मागे वाजवत गेला आणि प्रत्येक ठोक्याला आकडा सांगत गेला. डावीकडून सगळे आवाज स्वच्छ आले. उजवीकडे अकराच्या खुणेपाशी त्याने दोनदा वाजवलं, मग तिसऱ्यांदा. मला फोनवर नीट कळलं नाही. त्याला मात्र कळलं होतं. त्याने खिशातून खडू काढला आणि तिथे गोल केला.